भामाबाईची मागची भिंत

घर वाढवायचं म्हणून भामाबाईच्या नवऱ्याने मागची दगडी भिंत पाडली आणि त्याच महिन्यात तापाने तो गेला. चार वर्षं तिने त्या भगदाडाला तट्टा बांधून काढली. अखेर मन घट्ट करून तिने गवंडी बोलावला, तशी देशमुखांनी तिला चावडीवर बोलावलं.

"तीन वर्षं पडून राहिलेलं काम म्हणजे सोडलेलं काम. त्याचे दगड आता गावाचे," देशमुख म्हणाले. दगडांवर त्यांचाच डोळा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भामाबाईने पदर सावरला. "सरकार, थोरल्या देशमुखांनी मळ्यात बांधायला काढलेली इमारत दहा वर्षं अर्धीच आहे. तिचेही दगड गावाचे का?"

देशमुखांचा आवाज चढला. "जिभेला आवर घाल! आमचे वडील आबासाहेब गेले म्हणून ते काम थांबलंय. आमच्यानं तिकडं बघवत नाही. दुःखानं थांबलेल्या कामाला सोडलेलं म्हणतेस?"

"मी नाही म्हणत, सरकार," ती हलकेच म्हणाली. "तुम्ही म्हणालात."

देशमुखांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "जा. उद्या गवंडी कामाला लाव."

भामाबाई घरी आली आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली.