ऊब

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका पेठेत एकदा पितळ ओतून वस्तू घडवणारा एक वृद्ध ओतारी राहत असे. हरपाळ नावाचा तरुण त्याच्याकडे विद्या शिकत होता. हात कुशल, पण चूक झाली की तो स्वतःवरच संतापे.

एके दिवशी एक व्यापारी आला. त्याची म्हातारी आई तांड्याबरोबर घाट चढून भावाकडे निघाली होती. तिचा एक हात अधू. खांद्यावरचा शेला सारखा घसरे आणि ती थंडीत कुडकुडे. शेला अडकवायला, एका हाताने लावता येईल असा पितळी आकडा त्याला हवा होता, तोही तांडा निघण्यापूर्वी. ओताऱ्याने ते काम विश्वासाने हरपाळवर सोपवले.

मेणाच्या साच्यावरून आकड्याचा दर्शनी भाग सुरेख ओतला गेला. मागची सुई मात्र पितळेची कांडी ठोकून काढायची होती, आणि ती ठोकता ठोकता तडकली. दुसरीही तडकली. हरपाळ ओशाळला. उशीर नको म्हणून कांडी मध्येमध्ये तापवणेही त्याने सोडून दिले आणि तो दातओठ खाऊन घाव घालू लागला.

गुरूने शांतपणे त्याच्या हातून अर्धवट सुई काढून घेतली, निखाऱ्यांत ठेवली आणि म्हणाला, "घरी जाऊन जेवून ये."

व्यापारी दारातच बसला होता. त्याच्यादेखत आपल्याला कामावरून उठवले, असेच हरपाळला वाटले. घरी तो ताटातला भात नुसताच चिवडत बसला. आईने काही न विचारता ताक वाढले, पाठीवरून हात फिरवला. हळूहळू तो जेवला. मग गुरूचा कायमचा निरोप घ्यायचे मनाशी ठरवून परतला.

निखाऱ्यांतून काढलेली सुई ऐरणीवर तशीच पडली होती. गुरूने तिच्यावर एकही घाव घातला नव्हता. त्याने हातोडी पुढे केली. हरपाळने ठोकायला घेतले, तशी सुई मुकाट्याने लांबत गेली. तांडा हलण्याआधी म्हातारीने एका हाताने शेला अडकवला आणि त्याच हाताने हरपाळच्या गालाला स्पर्श केला.

ती गेल्यावर हरपाळ हळूच म्हणाला, "बाबा, मला वाटलं, तुम्ही मला काढूनच टाकलंत."

"अरे, धातू घाव सोसतो, पण प्रत्येक घावागणिक आतून ताठरत जातो. शेवटी हलक्या घावानेही तडकतो. म्हणून त्याला मध्येच ऊब द्यायची आणि निवांत पडू द्यायचं. तूही सकाळपासून घाव सोसत होतास, आणि ते मी घातलेले नव्हते. सुईसाठी माझी भट्टी होती. तुझ्यासाठी तुझी आई."

गुरूच्या शेजारी, त्याच्या खांद्याला खांदा लावून हरपाळ बसला.

स्वतःला घडवताना आपला हातही कधी असाच थांबायला हवा.