तिसरा पुकारा

खूप खूप वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका राज्यात एक प्रधान होता. वीस वर्षं त्याने नेकीने कारभार केला. मग गादीवर नवा राजा आला, त्याने आपल्या मर्जीतला माणूस प्रधान केला आणि जुन्याची पालखी गेली.

लोकांना वाटलं, आता हा ओसरीवर पान चघळत जुन्या बढाया सांगेल. पण गडी निराळा होता. दुसऱ्याच दिवशी तो न्यायसभेच्या पायरीवर येऊन बसला. ज्यांना धड बोलता येत नाही, त्यांची बाजू तो राजापुढे मांडू लागला. कालपर्यंत आत बसणारा आज दाराशी बसतो म्हणून दरबारी मंडळी तोंडाला उपरणं लावून हसत. त्याने ते मनावर घेतलं नाही.

एकदा त्याच्याकडे एक बहिरा नावाडी आला. त्याच्या घाटावर एका धनिकाने हक्क सांगितला होता. सुनावणीला नावाडी वेळेवर आला होता, अंगणात बसून राहिला होता. चोपदाराने तीनदा त्याचं नाव पुकारलं, पण त्याला ऐकूच आलं नाही. तिसऱ्या पुकाऱ्याला जो ओ देत नाही, त्याचा दावा बुडतो, असा राज्याचा नियम होता. घाट गेला आणि घरची चूल थंडावली.

आणि तो नियम ह्याच म्हाताऱ्या, जुन्या प्रधानाने केलेला होता, खटले लवकर निकालात निघावेत म्हणून. त्यासाठीच न्यायसभेच्या दारावरच्या शिळेत त्याचं नाव कोरलं होतं.

नव्या प्रधानाने त्याला हळूच सुचवलं, की चोपदाराने दोनदाच पुकारलं असं सांगा. घाटही परत मिळेल आणि तुमचा नियमही राहील. चोपदाराची चाकरी जाईल, एवढंच. खरं सांगायचं तर म्हातारा घटकाभर घुटमळला. शिळेवरचं ते नाव हीच त्याची जन्माची मिळकत होती.

मग तो राजापुढे उभा राहिला.

"महाराज, चोपदाराने तीनदा पुकारलं, मोठ्याने पुकारलं. नावाड्याचीही चूक नाही. चूक माझी आहे. नियम केला तेव्हा मी आत बसलो होतो. ज्याला ऐकू येत नाही, असा माणूस माझ्या ध्यानातच आला नाही."

"नियम बदलला तर शिळेवरचं नाव काढावं लागेल," राजा म्हणाला.

"काढा, महाराज. पण आधी ह्याचा घाट ह्याला द्या."

नावाड्याला घाट मिळाला. पाथरवटाने छिन्नीने नाव खरवडून काढलं. म्हाताऱ्याला वाईट वाटलं, वाटणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायसभेच्या पायरीवर माणसं मावेनात. कोणी बहिरा, कोणी पांगळा, कोणी ओली बाळंतीण. साऱ्यांचे दावे त्याच नियमाने बुडालेले. म्हातारा पहिल्या माणसाजवळ सरकला आणि म्हणाला, "सांग बाबा, तुझं काय झालं?"

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याला न्याय मिळावा म्हणून जो आपली चूक चारचौघांत कबूल करतो, तोच खरा मोठा.