झोकेबनाजवळची जागा

एका जंगलात एक वानराचं पोर राहायचं. राहायचं झाडावर, पण जगायचं पैजेवर. कोणी नुसतं म्हणायचा अवकाश, "तुझ्यानं नाही होणार," की याचं डोकं बंद आणि अंग चालू. अशानंच एकदा ते झोपलेल्या अस्वलाच्या कानात फुंकर मारून आलं होतं आणि मग कितीतरी दिवस शेंड्यावरून खाली उतरलं नव्हतं. त्याचा दोस्त होता एक कावळा. दोस्त कसला, काडी लावणारा! पैज लावायची कावळ्यानं आणि फटके खायचे पोरानं, अशी दोघांची वाटणी ठरलेली.

त्याच जंगलात झोकेबन होतं. तुम्ही असतात तर घरी परत गेलाच नसतात, अशी जागा. वडाच्या पारंब्यांचे झोके, शेवाळलेल्या कातळाची घसरगुंडी, आणि एक हत्ती दिवसभर सोंडेनं पाणी उडवत उभा. उजाडलं की झोकेबन उघडायचं. ऊन कललं की सुतारपक्षी खोडावर टकटक करायचा, मग सगळ्यांनी बाहेर. लांबलांबची जनावरं पिल्लांना घेऊन मुक्कामाला यायची, आणि ज्याचं त्याचं वाहन ठरलेलं. बगळे म्हशीवर बसून यायचे. बेडूक कासवावरून यायचा. पोचेपर्यंत निम्मी मजा संपलेली असायची, पण वाहन ते वाहन! गोचिडाचं तर काय, त्याचा जन्मच वाहनात.

वाहन नव्हतं ते फक्त साळूमावशीला. साळू माहितीय ना? तीच, अंगभर काळे-पांढरे लांब काटे, चालली की खुळखुळ वाजते ती. तिला पाठीवर घेणार कोण? म्हैस म्हणायची, "मावशी, तू माणूस चांगली आहेस, पण माझी पाठ मला हवीय." आणि गंमत म्हणजे, साळूमावशीला तिच्या स्वतःच्या पिल्लांनाही पाठीवर घेता यायचं नाही. तिची दोन पिल्लं एवढी एवढीशी, काटे अजून गवतासारखे मऊ, आणि पाय तर असून नसल्यासारखे. तिघांना जिथं जायचं तिथं आपापल्या पायानं जायचं.

तर एका सकाळी साळूमावशी पिल्लांना घेऊन झोकेबनाच्या फाट्यावर येऊन थांबली. फाट्यावर उंबराचं झाड, आणि उंबरावर आपली ही जोडी फळं खात बसलेली.

फाट्यावरून दोन वाटा जायच्या. डावीकडची जायची वडाच्या मुळाशी असलेल्या बिळात. ते बीळ डुकरीणकाकूचं. अंधारं, चिखलाचं, रात्रभर तिच्या लेकरांची घुरघुर, पण झोकेबनाच्या अगदी दारात. उजवीकडची जायची कड्यावरच्या गुहेत. ती गुहा ऐसपैस, कोरडी, वारा खेळता. तिच्या तोंडाशी उभं राहिलं की समोर झोके हलताना दिसायचे. मधे एक घळ होती एवढंच.

साळूमावशीची नजर अधू. ती फाट्यावर मान वर करून उगाच झाडाकडे बघत राहिली.

कावळा हळूच म्हणाला, "लांबशेपट्या, बघ गिऱ्हाईक आलंय. पाठव हिला कड्यावर."

"कशाला रे? चालून चालून मरेल ती."

"तेच तर! ही वरून खाली, खालून वर हापसत जाईल, आपण बघत बसू. पण जाऊ दे, तुझ्यात तेवढा दम नाही. तू अजून आईच्या पोटाला चिकटून फिरणारा."

झालं! पोरानं हातातलं अर्धं उंबर टाकलं. "लागली पैज," ते म्हणालं, आणि दाट पानांत शिरून त्यानं आवाज जाडा केला. "काय पाहिजे बाई?"

साळूमावशी दचकली. "कोण ते? बरं झालं बाबा, कोणीतरी भेटलं. झोकेबन बघायला आलोय. मुक्काम कुठं करू? काकूच्या बिळात की कड्यावर?"

"कड्यावर. बिळात कोण राहतं? चिखल, घाण, मच्छर! कड्यावरून झोके समोर दिसतात."

"दिसतात ते खरं रे, पण आम्हाला वाहन नाही. जायचं यायचं पायीच. पिल्लांच्या पायांना झेपेल ना?"

"झेपेल की. लगेच येतं."

"वाटेत काही भ्यायसारखं?"

"छे! गुळगुळीत वाट आहे."

आता खरी गोम ऐका. पोराला वाटलं, फार तर हिचे पाय दुखतील, आपल्याला हसायला मिळेल. पण त्या वाटेवर ते जन्मात चाललेलं नव्हतं. वानराची जात! कड्यावरच्या झाडावरून ते एक उडी घ्यायचं घळीतल्या अर्जुनाच्या झाडावर, दुसरी उडी थेट झोकेबनात. खाली घळीत काय आहे, याची चौकशी करायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. मोठी वानरं म्हणायची, "पोरांनो, घळीकडे फिरकायचं नाही." पोरं म्हणायची, "बरं." का म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

साळूमावशीनं तोंडभरून आशीर्वाद दिला आणि ती उजवीकडे वळली. कावळा हसून हसून फांदीवरून पडायच्या बेतात आला.

साळूमावशीनं गुहेत वाळकं गवत पसरलं आणि ती पिल्लांना घेऊन निघाली. समोर दिसणारे झोके काही केल्या जवळ येईनात. वाट आधी कडा उतरून घळीत गेली, घळीतल्या वाळूतून लांबच लांब वळसा घालून गेली, मग कुठे वर चढली. झोकेबनात पोचेपर्यंत दुपार. पिल्लांची एकदाच घसरगुंडी झाली. झोक्यासाठी रांगेत उभी राहिली आणि त्यांची पाळी यायच्या आत सुतारपक्षी टकटक करायला लागला.

"आई, झोका?" धाकटं म्हणालं.

"उद्या हं. पहिला नंबर आपला," साळूमावशी म्हणाली, पण तिचं लक्ष उन्हाकडे होतं. म्हशी निघाल्या, बगळे निघाले, कासवानंसुद्धा पाय काढले. साळूमावशीनं दोघातिघांना विचारून पाहिलं, "निदान पिल्लांना तरी कोणी वरपर्यंत सोडता का?" कोणी ऐकलं नाही, कोणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी ती म्हणाली, "चला रे. एकमेकांना धरून. मधे थांबायचं नाही."

अर्जुनावर आपली जोडी तयारच होती. तिघं घळीत उतरले, आणि धाकटं वाळूत दर थोड्या वेळानं बसकण मारायला लागलं. थोरलं त्याला ढोसून उठवायचं. कावळा म्हणाला, "बघ बघ, परत बसलं!" पोर खिदळलं.

आणि मधेच त्याचं खिदळणं तोंडातच राहिलं.

घळीच्या कडेला उंच गवत होतं. वारा अजिबात नव्हता. तरी गवताची एक रेघ हलत होती. थांबायची, परत हलायची. खाली धाकटं थांबलं की ती थांबायची. धाकटं चाललं की ती चालायची.

पोरानं डोळे बारीक केले. गवतात पिवळं दिसलं. पिवळ्यावर काळे ठिपके दिसले.

"बिबट्या," ते म्हणालं. आवाज म्हणजे नुसती हवा.

कावळ्यानंही बघितलं, आणि त्यानं आधी पंख सावरले. "चल, सटक. आपण इथं नव्हतोच."

"अरे, पिल्लं आहेत खाली!"

"मग तू ओरड. ओरडलास की टोळी येणार, हुप्प्या विचारणार, घळीवर काय करत होतास? ही बया इथं आलीच कशी? दे उत्तर. माझं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं."

हुप्प्या म्हणजे टोळीचा दादा. त्याची एक थप्पड बसली की दोन दिवस एका कानानं ऐकायचं. पोर मनाशी म्हणालं, साळूमावशीला काटे आहेत की. घेईल ती बघून. कशाला आपण मधे पडा?

तेवढ्यात साळूमावशीला वास लागला. ती जागच्या जागी थबकली. तिचे सगळे काटे फुलले, ती गर्रकन वळली आणि गवताकडे पाठ करून उभी राहिली. खुळखुळ खुळखुळ! काटे असे वाजले की भल्याभल्यांनी माघार घ्यावी. बिबट्या गवतातून बाहेर आला. घाई नाही, काही नाही. तो डावीकडे सरकला. साळूमावशी त्याच्याकडे पाठ फिरवत राहिली. तो उजवीकडे सरकला. ती परत फिरली. पण दर वेळी ती फिरली की एक पिल्लू आडोशाला यायचं आणि दुसरं उघडं पडायचं. बिबट्याला ते कळलं होतं. पाठ एक आणि पिल्लं दोन. तो नुसता फिरत होता, मावशी दमायची वाट बघत.

"माझ्या पोटाशी या," साळूमावशी ओरडली. "दोघंही! या रे!"

थोरलं गेलं. धाकट्यानं मात्र वाळूत बसकण मारलेली. त्याचे मऊ काटे नुसतेच थरथरत होते, त्यांचा आवाजसुद्धा होत नव्हता. बिबट्यानं अंग चोरलं. मागचे पाय वाळूत रोवले.

"खॅक!"

अर्जुनाच्या शेंड्यावरून आवाज फुटला. पोराला स्वतःलाच कळलं नाही की आपण कधी ओरडलो. पण एकदा ओरडल्यावर ते थांबलं नाही. "खॅक! खॅक! खॅक!" फांद्या गदागदा हलवत, वाळक्या काटक्या मोडून खाली फेकत ते ओरडत राहिलं. पलीकडच्या झाडांवरून टोळीनं तोच आवाज उचलला. भेकर भुंकलं, मोर केकाटला, सगळं रान उठून बसलं. बिबट्याचं काय असतं, तो दिसत नाही तोवरच त्याचा जोर. सगळ्या रानानं बोट दाखवल्यावर तो कशाची शिकार करणार? त्यानं एकदा वर बघितलं. थेट पोराकडे. मग शेपूट झटकून तो गवतात निघून गेला.

थोड्या वेळानं डुकरीणकाकूच्या बिळासमोर आरडाओरडा ऐकून परत फिरलेल्यांचा हा घोळका जमला, साळूमावशीही पिल्लांना घेऊन तिथंच आली. हुप्प्यानं पोराच्या पाठीवर थाप मारली. हो, थाप, थप्पड नाही! "शाब्बास रे पठ्ठ्या! टोळीचं नाव राखलंस." म्हशीनं कौतुकानं मान हलवली. एका बगळ्यानं तर पोराला विचारलं, "आमच्या पिल्लांना भेटायला येशील का?" पोर खाली मान घालून उभं. घोळक्याला वाटलं, लाजलंय.

मग सगळे साळूमावशीकडे वळले.

"काय गं बाई," डुकरीणकाकू कमरेवर हात ठेवल्यासारखी उभी राहून म्हणाली, "पदरात दोन लेकरं, जवळ वाहन नाही, आणि कड्यावर मुक्काम? माझं बीळ काय वाईट होतं? चिखल लागला असता, एवढंच ना?"

"मी फाट्यावर विचारलं होतं हो. उंबरावरून कोणीतरी म्हणालं, वाट गुळगुळीत आहे."

"कोण म्हणालं?"

"दिसलं नाही. आवाज जाडा होता."

हुप्प्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "उंबरावर आमच्यातलं मोठं कोणी नव्हतं आज. सगळे नदीवर होतो."

"म्हणजे झाड बोललं म्हण की!" बगळा म्हणाला, आणि चारजण हसले.

"स्वतःची चूक झाकायला झाडाला तोंड फोडतेय," म्हैस पुटपुटली.

डुकरीणकाकूचा चेहरा आंबट झाला. "हे बघ बाई, चुकली असतीस तर बिळात घेतलं असतं. पण खोटं बोलणारी माझ्या लेकरांशेजारी नको मला. तू आपली घरची वाट धर."

घरची वाट म्हणजे परत तेच रान. आणि उजेड जेमतेम झाडांच्या शेंड्यांवर उरलेला.

थोरल्यानं विचारलं, "आई, तू खोटं बोललीस?" ती म्हणाली, "नाही रे. मला ऐकू चुकीचं आलं असेल. जागा निवडताना मीच चुकले." मग तिनं धाकट्याला नाकानं ढोसून उभं केलं. ते उभं राहिलं आणि परत बसलं.

कावळा पोराच्या कानाशी म्हणाला, "गप्प राहा. आयता वाघ झालायस. तोंड उघडलंस की उंदीर."

जाता जाता साळूमावशी पोरापाशी थांबली. अधू डोळ्यांनी तिनं त्याचा अंदाज घेतला. "बाळा, तू होतास म्हणून ही दोघं आहेत. देव तुझं भलं करो हो." आणि ती पिल्लांना घेऊन अंधाराकडे वळली.

पोरानं हुप्प्याच्या हाताकडे बघितलं.

"मावशी, थांब!"

सगळे वळले. कावळा एव्हाना उडालेलासुद्धा होता.

"झाड नाही बोललं," पोर म्हणालं. "मी बोललो. आवाज मीच जाडा केला होता. कड्यावर जा म्हणून मीच सांगितलं, पैजेसाठी. आणि ती वाट गुळगुळीत आहे की कशी आहे, मला काय माहीत? मी त्या वाटेनं एक पाऊलसुद्धा कधी चाललेलो नाही. मावशी खरं बोलतेय, काकू. तिला आत घे. खोटं बोलणारा मी आहे."

तात्पर्य : ज्या वाटेला आपला पाय कधी लागला नाही, ती दुसऱ्याला सोपी म्हणून सांगू नये, आणि सांगून बसलोच, तर त्याच्या माथी दोष बसायच्या आत आपण तोंड उघडावं.