मालकांचं कोपर

“आणि ही एकटी का बसलीय?”

शिकलगार चाचांनी फोटो हातभर लांब धरून विचारलं. पूर, भूकंप, दुष्काळ, चाळीस वर्षं सगळीकडे कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस. आता तालुक्याच्या गावी स्टुडिओत पासपोर्ट साइज काढतो आणि मेलेल्यांचे फोटो मोठे करून देतो. चेहरा कुठल्यातरी लग्नाच्या फोटोतून उचलायचा, खाली कोट जोडायचा. कोट एकच आहे. गावातले निम्मे पूर्वज त्याच कोटात आहेत.

“तीच तर स्टोरी आहे, चाचा,” निनाद म्हणाला. “पुरात सगळं गेलं. तिची नजर बघा ना. फोटोचं नावच ‘एकटी’ ठेवलंय.”

निनादला एका मदतसंस्थेत फोटोग्राफर म्हणून लागायचं होतं. सोमवारी मुलाखत. चाचांचं शिफारसपत्र असलं की काम होणार होतं. पत्र तो स्वतःच टाइप करून घेऊन आला होता. त्यात ‘संवेदनशील’ हा शब्द दोनदा होता. फक्त सही बाकी होती.

चाचांनी पत्र न वाचता काउंटरवर उलटं ठेवलं.

“मागं बघ.”

मागच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. निनाद आला तेव्हापासून बसली होती. गिऱ्हाईक असेल म्हणून त्याने बघितलंच नव्हतं.

फोटोतलीच बाई होती.

“आक्का, हाच का तो पोरगा?”

“व्हय. ह्योच.”

“तू पाठवलेला फोटो बघून ओळखलं मी यांना,” चाचा निनादला म्हणाले. “म्हणून दोघांना एकाच वेळी बोलावलं. यांचे मालक वारले. तू फोटो काढलास त्याच्या दहा दिवसांनी, पूरग्रस्तांच्या छावणीच्या त्याच शाळेत. उद्या तेरावं आहे. घरातले फोटो पुरात गेले.”

निनादने मान खाली घातली. छान घातली. सराव होता.

“तुज्याकडं असतील की त्येंचं फोटू,” आक्का म्हणाल्या. “तितंच तर हुते.”

...

“आक्कांचे तीनशे काढलेत,” निनाद म्हणाला.

“आणि मालकांचे?” चाचांनी विचारलं.

“त्यांना मी बाजूला व्हायला सांगितलं होतं. फ्रेममध्ये गर्दी होत होती.”

“किती जण होते?”

“ते... एकटेच.”



निनादने लॅपटॉप उघडला. न कापलेला, मूळ फोटो काढला. डाव्या कडेला एक कोपर होतं. बाकी माणूस फोटोच्या बाहेर.

“ह्ये त्येंचंच,” आक्का म्हणाल्या. “ठिगळ मी लावल्यालं. पांढरा दोरा संपलावता, निळा घातला. मी म्हनले, कोन बगतंय.”

निनादने कोपर मोठं केलं. निळा दोरा दिसला.

“आणि तुम्ही कुठं बघत होता, आक्का?” चाचांनी विचारलं.

“त्येंच्याकडंच. त्येंच्या हातात च्या हुता. ह्यानं हलू नगा म्हनून सांगितल्यालं, मग त्ये पियेनातच. मी डोळ्यानंच म्हनत हुते, गार हुतोय, प्या.”

...

“चेहरा नाही,” चाचा म्हणाले. “कोट जोडता यायचा नाही.”

“कोट नगो. त्येस्नी गरम हुतंय.”

तासाभरात कोपर फ्रेममध्ये बसलं. बारा बाय पंधरा. गंध कुठे लावायचं यावर थोडी चर्चा झाली. ठिगळाच्या वर, असं आक्कांनी सांगितलं. चाचांनी लावलं.

निनादने घसा साफ केला.

“चाचा, ते पत्र...”

“देतो की. आधी आक्कांचा एक फोटो काढ. फ्रेम घेऊन. नीट आला तर सही करतो.”

आक्का स्टुलावर बसल्या. फ्रेम जड होती, म्हणून चाचांनी शेजारी उभं राहून एका बाजूने धरली. निनादने लेन्स पुसली. पडदा सरळ केला. दिवा थोडा वळवला. इतकं आतून वाटतंय म्हणजे फोटो चांगलाच येणार, अशी त्याची खात्री झाली.

त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला.

काहीतरी खटकत होतं...

“चाचा, जरा बाजूला व्हा ना.”

आक्कांनी चाचांकडे बघितलं. तीच नजर.

चाचा फ्रेम सोडून एक पाऊल सरकले.

“एवढं बास? का कोपरपण नेऊ?”