लहानू कुंपणावरून उतरला

बोरमाळ गावात लहानू नावाचा एक भोळा माणूस होता, आणि गंमत म्हणजे तो निवडून आला होता. त्याच्या वाडीत दोन पुढाऱ्यांचे दोन उमेदवार उभे होते. एकाला मत द्यावं, तर दुसरा पाच वर्षं छळणार. म्हणून लोकांनी लहानूचाही अर्ज भरला आणि गुपचूप सगळी मतं त्याला दिली. लहानूनं स्वतःचं मत मात्र दोन्ही उमेदवारांना दिलं, कारण दोघांनीही ते मागितलं होतं. ते बाद झालं.

ग्रामपंचायतीत नऊ मेंबर. ते दोन पुढारी म्हणजे गुणाजीअण्णा आणि बापू खराडे; स्वतःला धरून चार अण्णांचे, तसेच चार बापूंचे, आणि उरला लहानू. सरपंच मेंबरांनीच हात वर करून निवडायचा होता. म्हणजे लहानू ज्याच्या बाजूला, खुर्ची त्याची.

लहानूला खुर्चीशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या वाडीत नळ नव्हता. बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. त्याची बायको पारू म्हणाली, "मेंबर झालात, चांगलं झालं. आता वाडीत नळ तेवढा आणा. दुसरं कायबी आणू नका."

"बरं," लहानू म्हणाला.

इकडे पारावर चर्चा सुरू झाली. जो तो म्हणू लागला, "लहानू कुंपणावर बसलाय." लहानूच्या कानावर ते आलं. त्याला वाटलं, मेंबराचं हे काम असणार आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही. तो घाईघाईनं गेला आणि शाळेच्या कुंपणावर जाऊन बसला. कुंपण बाभळीच्या काट्यांचं होतं. तो दुपारपर्यंत बसून राहिला.

गुणाजीअण्णा मोटारसायकलवरून चालले होते. ते थांबले.

"लहानू, हितं काय करतोस?"

"कुंपणावर बसलोय, अण्णा. सगळं गाव म्हणतंय."

अण्णांनी त्याला खाली उतरवलं आणि स्वतःच्या हातानं त्याचे काटे काढले. सरपंचाची निवड झालेली असती, तर त्यांनी ते काढले नसते.

"अरं खुळ्या, कुंपणावर बसून काय मिळतं? उडी मारायची. ज्या बाजूला माणसं जास्त, त्या बाजूला. त्यालाच राजकारण म्हणत्यात."

"आणि नळ?"

"मला सरपंच कर. पहिला नळ तुझ्या वाडीत. हा माझा शब्द."

पुढच्याच आठवड्यात लहानूच्या भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून लहानू नवरीच्या पाठीशी उभा होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टका सुरू झाल्या. लहानूनं सहज इकडेतिकडे पाहिलं. वरपक्ष दोन ट्रक भरून आला होता. वधूपक्षात तो, त्याची बहीण आणि चार-दोन चुलते. लहानूला अण्णांचं बोलणं आठवलं. भटजी सावधान म्हणत होते, पण ते लहानूकडे बघून म्हणत नव्हते. लहानूनं धोतर खोचलं आणि अंतरपाटावरून पलीकडे उडी मारली. तो नवऱ्यामुलाच्या मामाच्या पायावर पडला.

बहीण रडवेली झाली. "दादा, तिकडं काय करतोस?"

"पक्ष बदलला, आक्का. हिकडं माणसं जास्त हायत."

अण्णा लग्नाला आलेच होते. त्यांनी लहानूला दंडाला धरून मांडवाबाहेर आणलं. "अरं, असं फुकट जातं का कुणी? आधी पदरात काहीतरी पाडून घ्यायचं. पदरात पडल्याबिगर जागचं हलायचं न्हाई."

"न्हाई हलत," लहानू म्हणाला.

चार दिवसांनी शेजारच्या ज्ञानूची म्हैस ओढ्याच्या चिखलात रुतली. ज्ञानू धावत आला. "लहानू, लवकर चल. दोराला हात लाव."

लहानू हलणार नव्हता. पदरात काही पडलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला पदरच नाही. तो घरात गेला, पारूचं सणासुदीचं लुगडं नेसला, आणि ओढ्यावर जाऊन पदर पसरून उभा राहिला. उभा राहिला तो नेमका म्हशीच्या मागे.

"पाड काहीतरी," तो ज्ञानूला म्हणाला.

ज्ञानूनं दोर ओढला. म्हशीनं सगळा जीव एकवटून जोर केला. लहानूचा पदर भरला.

ते लुगडं धुवायला दोन हंडे पाणी लागलं. पारूनं ते विहिरीवरून आणलं आणि दिवसभर ती लहानूशी बोलली नाही.

ही हकिकत ऐकून अण्णांनी कपाळाला हात लावला. लहानूवर रागवायची सोय नव्हती. निवड तोंडावर आली होती. ते गोडीनं म्हणाले, "मागणं असं उघड नसतं रं. आधी वारं बघायचं. वारं फिरलं की आपुणबी फिरायचं."

दुसऱ्या दिवशी नळाचा अर्ज घेऊन लहानू सायकलवर तालुक्याला निघाला. वारं पाठीमागून होतं. खिंडीपाशी ते फिरलं. लहानूही फिरला. गावाची वेस दिसायला लागली तेव्हा वारं पुन्हा फिरलं. लहानू पुन्हा खिंडीकडे. असं करता करता कचेरी बंद व्हायची वेळ झाली. वारं सतत पाठीशी असल्यामुळे पायडल मारायचे कष्ट मात्र त्याला पडले नाहीत. अर्ज खिशातच राहिला.

तो घरी आला तेव्हा पारू कंबर धरून उंबऱ्यावर बसली होती.

"तुमच्या राजकारणात माझी कंबर मोडली," ती म्हणाली.

लहानूला फार वाईट वाटलं. "अण्णांनी नळाचा शब्द दिलाय गं."

"अण्णांचा शब्द! ही माणसं ऐन टायमाला हात वर करत्यात. त्यांनी हात वर केले की समजायचं, शब्द बुडाला. तुमी तरी तसं करू नका."

"न्हाई करत. शब्द देतो तुला."

बाकीचे धडे त्यानं डोक्यात ठेवले होते. हा त्यानं मनावर घेतला.

सभेच्या दिवशी तालुक्याहून साहेब आले. आठ मेंबर समोरासमोर बसले आणि लहानू मधे. साहेब म्हणाले, "गुणाजीरावांच्या बाजूनं जे असतील, त्यांनी हात वर करा."

सगळ्यांत आधी गुणाजीअण्णांनी स्वतःचाच हात वर केला.

लहानू उठून उभा राहिला. "अण्णा, एवढ्यात?"

"काय एवढ्यात?"

"अजून सरपंच झाला न्हाई, तवर हात वर केला?"

"तूबी कर की बाबा. लवकर कर."

"मी न्हाई करणार. मी शब्दाचा पक्का हाय."

बापू खराड्यांना गुदगुल्या झाल्या. ते म्हणाले, "ये लहानू, हिकडं ये. नळ आमीबी देऊ."

लहानू त्यांच्याकडे निघाला. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "बापूंच्या बाजूनं कोण?" बापूंनी ऐटीत हात वर केला. लहानू अर्ध्या वाटेत थांबला.

"ह्यांनीबी," तो म्हणाला.

त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. विहिरीवरून परतणाऱ्या त्याच्या वाडीतल्या बायका काय चाललंय ते बघायला थांबल्या होत्या. आत होते ते साहेब धरून दहा. बाहेर अख्खी वाडी. शिवाय बाहेर कुणाचाही हात वर नव्हता. सगळ्यांचे हंडे कमरेवर होते. खिडकीचे गज फक्त कागदावर होते. लहानूनं उडी मारली.

"झालं मत देऊन?" पारूनं विचारलं.

"पक्ष बदलला. तुमच्यात आलो."

पारू त्याच्याकडे बघत राहिली. मग कितीतरी दिवसांनी ती हसली. "आलाय तर हे घ्या," ती म्हणाली आणि कमरेवरचा भरलेला हंडा तिनं त्याच्या डोक्यावर ठेवला. लहानूनं तो नीट धरला. त्याला बरं वाटलं.

अण्णा धापा टाकत बाहेर आले आणि त्याच्या पुढ्यात उभे राहिले. "लहानू, आत चल. साहेब थांबलेत." मग त्यांचं वर लक्ष गेलं आणि ते भडकले. "आन् मला शिकवतोस व्हय रं? तुझे हात कुठं हायत ते बघ की आधी."

लहानूनं डोळे वर केले. हात वर होते. अण्णांचा एकच होता, त्याचे दोन्ही होते. पारूच्या देखत, सगळ्या वाडीच्या देखत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं झटकन दोन्ही हात खाली घेतले.

गुणाजीअण्णांच्या सरपंचपदावर पाणी फिरलं ते असं. हंडा त्यांच्या खांद्यावरून घरंगळत दगडावर आपटला.

"बघ पारू," लहानू म्हणाला, "माझे हात खाली हायत."

"बघितलं," पारू म्हणाली. तिनं चेपलेला हंडा उचलला आणि ती परत विहिरीकडे निघाली.