पुलापलीकडची बालवाडी

एकदा एका गुळाच्या पेठेत एक व्यापारी होता आणि त्याला आपल्या पारखीचा फार अभिमान होता. भूपाल त्याचं नाव. ढेपेचा कपचा काढून जिभेवर ठेवला की तो गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा ते सांगे, आणि सहसा चुकत नसे. अशा माणसाला एकच खोड लागते. जगातली प्रत्येक वस्तू आपल्याला अशीच चाखून ओळखता येते असं त्याला वाटू लागतं.

त्याची मुलगी सुमती तीन वर्षांची झाली आणि घरात बालवाडीचा वाद पेटला. घरामागच्या गल्लीत एक साधी बालवाडी होती. दोन खोल्या, पुढे पटांगण, बाई प्रेमळ. भूपालची बायको राजमती हिला ती पसंत होती. भूपालला हवी होती नदीच्या पुलापलीकडची. तिथे बाग होती, लाकडी खेळणी होती, शिकवण्याची पद्धतही नावाजलेली होती.

"अहो, तिथे पोरगी रडायला लागली तर?" राजमती म्हणाली. तिच्या मांडीवर धाकटं तान्हं होतं, त्यामुळे आणणं-नेणं भूपालकडेच येणार होतं.

"तर मी जाईन की! गाडी आहे दाराशी. मी स्वतः जाऊन बघितलंय. निघालो आणि पोचलो, वाटेत गाणंसुद्धा पुरं ऐकून झालं नाही. चांगल्या मालासाठी चार पावलं जास्त चालावं लागतं."

"ती माल नाही," राजमती म्हणाली आणि उठून आत गेली. त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. पुलापलीकडच्या बालवाडीने सुमतीची जागा आठवडाअखेरपर्यंतच राखून ठेवली होती. शेवटी भूपाल आपल्या जुन्या गुरुजींकडे गेला. गुरुजी हो म्हणाले की राजमती गप्प बसेल, हा त्याचा हिशेब होता.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. बागेबद्दल विचारलं नाही, खेळण्यांबद्दल विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तू रस्ता बघायला कधी गेला होतास?"

"अमावास्येला. पेठ बंद असते ना, मग सवड मिळते."

"बरं. तिथे मुलाला एक दिवस बसवून बघता येतं म्हणालास. उद्या तिला नेऊ. मी व्हरांड्यात बसेन, तू दुकानावर जा. तिने तुझं नाव काढलं की मी फोन करीन. त्यावर मात्र तू यायचंस, दुसऱ्या कुणाला धाडायचं नाही."

हे कसलं उत्तर, असं भूपालला वाटलं. पण गुरुजींना उलट विचारण्याची सवय त्याला नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी, पेठ उघडायच्या आधीच, त्याने दोघांना बालवाडीत सोडलं. सुमती बागेतल्या घसरगुंडीकडे धावली, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. भूपाल मनोमन सुखावला. आता राजमती काय बोलते ते बघू, असं म्हणत तो दुकानात शिरला.

सौदे ऐन रंगात असताना फोन वाजला. "पोरगी तुला बोलावते आहे. ये," गुरुजी म्हणाले. मागे सुमतीचं रडणं ऐकू येत होतं. ते हट्टाचं नव्हतं, घाबरल्याचं होतं. भूपाल काही विचारणार तोच फोन बंद झाला.

हातातला गूळ तसाच टाकून तो धावला. पेठेच्या कमानीपाशीच गाडी अडली. गुळाने भरलेले ट्रॅक्टर रांगेने आत येत होते, त्यांच्यामागे टेम्पो, आणि मधूनच घुसणाऱ्या मोटारसायकली. त्याने फोन लावला. गुरुजींनी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पडली असेल का? बोट चेंगरलं असेल का कुठे दारात? काय झालंय ते सांगायला काय हरकत होती या म्हाताऱ्याला! त्याच्या मनात आलं आणि आपण गुरुजींना म्हातारा म्हणालो याचीही त्याला लाज वाटली नाही.

पुलावर तर कहर झाला. पूल अरुंद, एका वेळी एकीकडचीच वाहनं जाणार. भूपालने हॉर्नवरचा हात काढला नाही. "अरे बाबांनो, सोडा की मला! पोरगी रडतेय माझी!" तो काच खाली करून ओरडला.

समोरच्या ट्रॅक्टरवाल्याने त्याला ओळखलं. "शेठ, आम्ही तरी कुठं जाणार? तुमच्याच दुकानाला माल घेऊन चाललोय की!"

भूपालने हॉर्नवरचा हात काढला आणि तो सीटला मागे टेकला. हा रोजचा रस्ता होता. रोज हाच गूळ याच पुलावरून त्याच्याकडे येत होता. अमावास्येला तेवढा येत नव्हता.

तो पोचला तेव्हा बालवाडीत शुकशुकाट होता. मुलं डबे खाऊन, हात धुऊन आडवी झाली होती. व्हरांड्यात गुरुजींच्या मांडीवर सुमती निजली होती. गालांवर अश्रू वाळले होते.

"काय झालं तिला? लागलं का? आणि फोन का नाही उचललात तुम्ही?" भूपालचा आवाज चढला.

"काही झालं नाही. तिला तू हवा होतास," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "आणि तुझ्याशी बोलत बसलो असतो तर हिला कुणी धरलं असतं? बस. शाळा उत्तम आहे, त्यात खोट काढणार नाही. बाईंनी हिला कडेवर घेतलं, चित्रं दाखवली. पोर मोठी असती तर मीच म्हटलं असतं, खुशाल घाल. पण या वयाला अंतर मैलांत कळत नाही. हाक मारल्यावर आपलं माणूस येतं की नाही, एवढंच अंतर याला कळतं. तू रस्ता मोजलास तो तुझ्या सुट्टीच्या दिवशी. पोरगी इथे असणार ती तुझी पेठ भरलेली असताना."

भूपालने मान खाली घातली.

"आधी ती खिडकीशी उभी राहून रडली. मग फाटकाशी जाऊन रडली. मग रडायची थांबली. बाई म्हणाल्या, रमली हो! मी तिचं तोंड बघत होतो, भूपाल. ती रमली नव्हती. तिने तुझी वाट बघणं सोडून दिलं होतं."

भूपालचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

बोलण्याने सुमती जागी झाली. तिने वडिलांकडे पाहिलं. ती रडली नाही, बिलगलीही नाही. घरी पाहुण्यांशी बोलतात तसं शहाण्यासारखं तिने विचारलं, "पप्पा, झालं तुमचं काम?"

भूपालने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. बराच वेळ ती ताठच राहिली. मग हळूहळू तिची मान त्याच्या खांद्यावर टेकली, आणि तेव्हा कुठे ती पुन्हा रडू लागली, मोठ्याने, हक्काने. गुरुजींनी सुटकेचा श्वास सोडला. भूपालही तिला गप्प करायला गेला नाही.