भोयांवाचून चालणारी पालखी

एकदा एका शिष्याने अशी भिंत रंगवली की तिच्यावरची पालखी भोयांवाचून चालू लागली. त्याचे झाले असे.

एका तलावकाठच्या नगरात एक वृद्ध चितारी राहत असे. हा शिष्य त्याच्यापाशी नऊ वर्षे होता, आणि त्या नऊ वर्षांत त्याने मुख्यत्वे रंग घोटले होते. हिरवा घोटला, तांबडा घोटला, गेरू चाळला, डिंक भिजवला. पण चित्राखाली स्वतःचे नाव लिहिण्याची मुभा त्याला अजून मिळाली नव्हती. गुरुजींचा नियमच तसा होता. शिष्याने एक भिंत एकट्याने रंगवावी, नगराने ती आपली म्हणावी, आणि त्या दिवशी त्याने कोपऱ्यात आपले नाव लिहून खुशाल स्वतःचे दुकान थाटावे. शिष्याने ते नाव मनातल्या मनात हजार वेळा गिरवून ठेवले होते. वेलांटीला कुठे झोक द्यायचा, तेही ठरलेले होते.

तलावाला साठ वर्षे झाली आणि ही संधी चालून आली. नगरातल्या एका व्यापाऱ्याच्या आजोबांनी हा तलाव बांधवला होता. तो कसा झाला याचे चित्र घाटावरच्या लांबलचक भिंतीवर काढावे असे ठरले. व्यापाऱ्याची सूचना एकच होती. "आजोबा ठळक दिसू द्यात."

शिष्याने तीन महिने भिंत सोडली नाही. पालखीत आजोबा बसवले, वर छत्र धरले, पुढे हत्ती काढला. हत्तीची नखेसुद्धा मोजून अठरा काढली. मात्र भोई काढले की पालखीची झालर झाकली जाई. छत्रधारी काढला की हत्तीची सोंड आड येई. आणि धरणाचे दगड वाहणाऱ्या बायका काढायच्या म्हणजे नुसत्या हातापायांचीच गर्दी! म्हणून त्याने या मंडळींना सरळ गाळले. चित्र कसे मोकळे मोकळे दिसू लागले.

भिंतीवरचा पडदा दूर झाला तेव्हा सारे नगर गुरुजींच्या तोंडाकडे पाहत होते. शिष्याचा जीव टांगणीला लागला होता. गुरुजी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, परत आले, आणि त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. मग भर घाटावर त्यांनी भिंतीला साष्टांग दंडवत घातला, समारंभासाठी आणलेला नारळ उचलला आणि फोडला.

"धन्य आहे!" ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "भोयांवाचून पालखी चालते आहे! कोणी न धरता छत्र उभे आहे! दगड आपापल्या पायांनी धरणावर चढत आहेत! लोकहो, असा चमत्कार मी सत्तर वर्षांत पाहिला नाही."

एवढे बोलून ते घरी निघून गेले. शिष्याला आधी वाटले, स्तुती झाली. मग वाटले, झाली की काय?

नगराने मात्र गुरुजींचा शब्द खाली पडू दिला नाही. दुपारपर्यंत घाटावर रांग लागली. फुलवाल्यांनी टोपल्या मांडल्या. एका गाडीवानाने बैल घरी ठेवले आणि गाडीचे जू तेवढे भिंतीला टेकवायला आणले. पालखी आपोआप चालते तर गाडीने काय घोडे मारले आहे, असा त्याचा हिशेब होता. व्यापारी तर गहिवरून गेला होता. "आजोबा सिद्धपुरुष होते, हे आम्हांला घरात कोणी सांगितलेच नाही हो!" असे तो भेटेल त्याला सांगत होता.

त्या रांगेत तिम्मव्वा नावाची एक म्हातारी उभी होती. ती गावाबाहेरच्या वडार वस्तीतली, दळणाच्या जात्यांना आणि वाटणाच्या पाट्यांना टाकी लावून देणारी. तिचा नंबर आला. तिने चित्र नीट पाहिले आणि अशी हसत सुटली की तिला खालीच बसावे लागले.

"आगं बया!" ती डोळे पुसत म्हणाली. "दगड आपल्या पायानं चढलं व्हय? मग माझ्या आयेच्या टाळूवरचं क्यास कशानं गेलं? मी धा वर्सांची व्हते तवा. रोज सांजंला तिच्या टाळूला त्याल लावायचे मी!"

रांगेत खसखस पिकली. आणि ज्यांचे आजे-पणजे त्या तलावावर राबले होते, ते हसता हसता एकेक करून रांगेतून बाहेर पडले. गाडीवानाने जू उचलले आणि तो मागच्या मागे सटकला.

शिष्य तावातावाने गुरुजींच्या घरी पोहोचला. "माझी थट्टाच करायची होती, तर चार भिंतींच्या आत करायची! नऊ वर्षे मी..."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अरे, मी थट्टा केली नाही. तू जे काढलेस, त्यालाच नमस्कार केला. वाहणारी माणसे पुसली की इतिहास तिथे संपतो आणि चमत्कार सुरू होतो. चमत्काराला नारळ फोडायचा असतो. त्याला 'कोणी केले?' असे कोणी विचारत नाही. एका म्हातारीने ते विचारले, असे मघाशी कानावर आले. आता उत्तर द्यायला तू मोकळा आहेस."

शिष्य खजील झाला, पण पेटूनही उठला. चार दिवसांत त्याने भोई काढले, छत्रधारी काढला, आणि डोक्यावर दगडांच्या टोपल्या घेतलेल्या बायकांची लांब ओळ काढली. सगळ्या शेलाट्या, ताठ मानेच्या, वेणीत अबोलीचे गजरे. मोठ्या अभिमानाने तो गुरुजींना बोलवायला गेला.

"मला कशाला दाखवतोस?" गुरुजी म्हणाले. "मी कधी दगड वाहिला आहे?"

तेव्हा शिष्य वस्तीत गेला आणि तिम्मव्वाला घेऊन आला. तिने पहिल्या बाईकडे बोट दाखवले. "ही दुपारपातूर मरंल."

"का हो आजी?"

"चुंबळ कुठाय हिची?"

चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची चिंध्यांची कडी. शिष्याने ती आयुष्यभर पाहिली होती, म्हणजे पाहिली नव्हती. तिम्मव्वाने समजावण्याची भानगडच ठेवली नाही. खडीने भरलेली टोपली तिने सरळ त्याच्या डोक्यावर चढवली. "चाल." सातव्या पावलाला शिष्याने अशी आरोळी ठोकली की तलावावरचे बगळे उडाले. मग तिने आपल्या जुन्या लुगड्याची चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पुन्हा टोपली चढवली. या वेळी तो धरणापर्यंत जाऊन आला. मान वाकडी झाली, पण आला. आल्यावर त्याने कुंचला तिच्यापुढे धरला. "आजी, आता तुम्हीच सांगा. नाही, तुम्हीच काढा."

दुसऱ्या दिवसापासून सारी वस्ती घाटावर लोटली. गजरे पुसले गेले, चुंबळी आल्या. मुकादम कुठे उभा राहायचा, बाभळीखाली कोण बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा टोपली उचलायला आली, हे त्यांचे त्यांनी सांगितले आणि त्यांचे त्यांनी काढले. रेषा वाकड्यातिकड्या होत्या. शिष्याला त्या सरळ कराव्याशा वाटत, पण टाळू अजून दुखत असल्याने तो हात आवरी. एक म्हातारा भोई आला आणि शेटजी पालखीत घोरत असत, एवढी माहिती देऊन गेला. चित्रातल्या आजोबांचे तोंड त्या दिवसापासून किंचित उघडे झाले.

हे व्यापाऱ्याच्या कानावर गेले. तो धावत आला. "आजोबा केवढेसे झाले! या गर्दीत ते सापडतच नाहीत. ही भिंत मी आमची म्हणणार नाही."

शिष्याच्या डोळ्यांपुढे आपले नाव वेलांटीसकट पुसले गेले. कुंचला टाकून तो खालीच बसला. तिम्मव्वा मात्र हलली नाही.

"शेट, तुमच्या आज्ज्याला आमी पुसलं न्हाई. हाय तिथंच हाय. पाडायचा असता तर साठ वर्सांमागंच पाडला असता की! पालखी आमच्याच गाववाल्यांच्या खांद्यावर व्हती."

घाटावर हशा उसळला. व्यापाऱ्याने रागावायचे ठरवले होते. पण तो भिंतीकडे पाहत राहिला आणि त्याच्याही मिशीखाली हसू आले. "घोरायचे खरे," तो पुटपुटला. "आजी सांगायची." मग जरा थांबून म्हणाला, "असू द्या. भिंत आमचीच आहे." मागून वस्तीतल्या बायका ओरडल्या, "आमचीबी!"

आता कोपऱ्यात नाव लिहायचे राहिले होते. शिष्याने कुंचला बुडवला, तोच तिम्मव्वाने विचारले, "ह्ये सगळं रंग कुणी घोटलं रं?"

"मीच. नऊ वर्षे मीच घोटतो आहे."

"मग त्यो घोटणारा कुठाय चितरात?"

गुरुजींच्या साऱ्या नामांकित भिंती शिष्याला आठवल्या. त्यांत देव होते, राजे होते, हरणेही होती. खल घेऊन बसलेला माणूस एकाही भिंतीवर नव्हता. तिम्मव्वाने गेरूत बोट बुडवले आणि शेवटच्या टोपलीवालीच्या मागे एक कुबड काढून बसलेला माणूस काढला. त्याच्या मांडीशी खल दिला. "हां. आता लिव्ह नाव. समद्यांची लिव्ह."

शिष्याने सगळ्यांची नावे लिहिली. त्यांत आपलेही लिहिले. वेलांटीला झोक द्यायचे तो विसरून गेला.

संध्याकाळी गुरुजी आले. त्या कुबड्या माणसापुढे ते येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या भिंतींवर इतकी वर्षे रंग आपोआपच येत होते तर." त्यांनी वहाणा काढल्या आणि दुसऱ्यांदा त्या भिंतीपुढे वाकले. या वेळी नारळ मागितला नाही.

आपल्याही गावात एखादा तलाव, एखादी कमान आपोआप उभी राहिल्यासारखी दिसेल. नारळ फोडण्याआधी जरा वस्तीत जाऊन विचारून यावे.